आकाशीच्या वाटसरूंची खानेसुमारी

आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन हमरस्ते एकमेकांस छेदतात, आणि तेथून ओतूरमार्गे पश्चिमेस निघालेला वाटसरू माळशेजच्या तोंडाशी पोचतो तेव्हा उजव्या हातास हरिश्चंद्रगडाचा 1,400 मीटरांहून उंच माथा उभा राहतो. दक्षिणेकडे नाणेघाटात, सातवाहनकालीन जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण अद्याप वाटेकडेला आहे. येणाऱ्याजाणाऱ्याची मोजदाद खिंडीतच करावी, हे त्या काळच्या अंमलदारांना ठाऊक असलेले व्यवहारज्ञान पक्षिशास्त्रास मात्र फार उशिरा सुचले.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील ज्या डोंगरमाथ्यावर लोक निव्वळ मौजेखातर ससाण्या-गरुडांवर बंदुका झाडीत, तो 1934 साली रोझाली एज या धीट बाईंनी भाडेपट्ट्याने घेतला आणि मॉरिस ब्रून यांस राखणदार नेमले. ब्रून यांनी पहाऱ्याबरोबरच सुरू केलेले या ‘हॉक माउंटन’च्या पक्षिगणनेचे दफ्तर पुढे, 1962 साली, रेचेल कार्सन यांनी कीटकनाशकांविरुद्धच्या आपल्या ग्रंथात पुरावा म्हणून पुढे केले, कारण स्थलांतर करणाऱ्या गरुडांत कोवळी पिल्ले कमी होत गेल्याचे त्यातल्या आकड्यांनीच उघड केले होते.

अशी मोजदाद ठरावीक जागीच का साधते, याचे उत्तर हवेत आहे. जड अंगाचा गरुड पंख मारीत हजारो मैल जाऊ शकत नाही. तापल्या भुईवरून उठणाऱ्या उष्ण हवेत घिरट्या घेत चढायचे आणि पंख ताणून पुढच्या स्तंभापर्यंत उतरत जायचे, हा त्याचा शिरस्ता. समुद्रावर असे स्तंभ क्वचित, म्हणून आशिया-आफ्रिकेच्या सांध्यावरील इलात येथे 1985 च्या वसंतात दहा लाखांहून अधिक शिकारी पक्षी मोजले गेले. दख्खनच्या मोकळ्या मुलखात असा अरुंद दरवाजा नाही. पक्षी पांगून जातात, आणि गणकाच्या पदरी बहुधा रिकामे तास पडतात.

तरीही वसंतातली गणनाच मला अधिक मोलाची वाटते. आश्विन-कार्तिकात येणारे पाहुणे ही जमेची बाजू. परतीची संख्या ही खरी शिल्लक, आणि आपल्या पक्षिमित्रांचा उत्साह नेमका तेव्हाच ओसरलेला असतो. पावशेरही न भरणारा अमूर ससाणा एप्रिलअखेर व मे महिन्यात सोमालियाकडून अरबी समुद्र ओलांडून परततो, हे नागालँडात 2013 पासून बसवलेल्या उपग्रह-यंत्रांनी दाखवले. पण यंत्र मोजक्या पक्ष्यांची कैफियत सांगते, थव्यांची नव्हे.

भोवत्यांचे प्रस्थान त्याआधीचे, फाल्गुन-चैत्रातले. मध्य आशियातील गवताळ प्रदेशाकडे निघालेला हा पक्षी पंख किंचित उचलून धरतो. मादी तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. पण पांढुरक्या भोवत्याची मादी आणि माँटेग्यूच्या भोवत्याची मादी दुरून ओळखण्याचा दावा करणाऱ्यावर मी तरी सहसा विश्वास ठेवीत नाही. प्रामाणिक वहीत ‘अनिश्चित’ असा रकाना असतोच. घिरट्या घालणारा थवा मोजू नये. तो स्तंभ सोडून एका रांगेत निसटू लागला की मोजावा, आणि ठरावीक रेषा ओलांडून माघारी फिरणाऱ्या स्थानिक घारी वजा कराव्यात. सायंकाळी भुई निवू लागली की भोवते गवतात मुक्कामास उतरतात. रेषेअलीकडेच उतरलेले दुसऱ्या दिवशी उन्हे तापताच पुन्हा समोर येण्याचा संभव असल्याने त्यांचा आकडा निराळा मांडावा लागतो.