कळ दाबली की काय होते?

पेटीची पट्टी दाबली की तिच्याखाली बसवलेला सूरच वाजतो. संगणकाच्या कळफलकावरच्या कळांचेही तसेच असेल, असे तुम्हाला वाटते ना? ‘के’ दाबा, ‘के’ उमटेल. त्यात विचारायचे काय!

ईमॅक्स नावाच्या मजकूर-संपादकात ही समजूत टिकत नाही. (संपादक म्हणजे या मासिकाचे नव्हेत, मजकूर लिहिण्याची व दुरुस्त करण्याची आज्ञावली.) त्याचा जन्म १९७६ सालचा, अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेतला. रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील ही त्यामागची प्रमुख नावे.

ईमॅक्सपाशी एक तक्ता असतो. एका बाजूला कळ, दुसऱ्या बाजूला आज्ञेचे नाव. तुम्ही ‘के’ दाबता तेव्हा तो तक्ता पाहतो. तिथे ‘दाबलेले अक्षर मजकुरात घाल’ अशा अर्थाची आज्ञा सापडते, ती पार पडते आणि मग अक्षर दिसते. तक्त्यातली नोंद बदला, कळेचे काम बदलले!

ही नोंद बदलायची लिस्प या भाषेत. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये तिची आखणी सुरू केली. तिचे व्याकरण इतके लहान आहे की बीजगणित येणाऱ्याला ते लगेच उमगावे. सगळे कंसात लिहायचे आणि क्रिया आधी सांगायची. २ + ३ ऐवजी (+ २ ३). २ × (३ + ४) हवे असेल तर (* २ (+ ३ ४)). आतला कंस आधी सुटतो, उत्तर १४. (यंत्राला देताना अंक मात्र इंग्रजी लिपीतले हवेत.)

समजा, प्रत्येक प्रयोगाच्या वहीत ‘उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण’ हे शब्द तुम्हाला पुनःपुन्हा लिहावे लागतात. लिस्पमध्ये ‘डीफन’ या शब्दाने नवी आज्ञा तयार करा. तिचे नाव देवनागरीत ठेवले तरी चालते. आत ‘इन्सर्ट’ लिहून ते शब्द अवतरणचिन्हांत द्या. ‘इंटरॅक्टिव्ह’ हा शब्द विसरू नका; तो असेल तरच आज्ञा कळेला जोडता येते. मग ती एफ-५ या कळेला जोडा. एफ-५ ते एफ-९ या कळा रूढीने वापरणाऱ्यासाठीच मोकळ्या सोडलेल्या आहेत. जोडणी तत्क्षणी लागू होते, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागत नाही.

हे फक्त तज्ज्ञांचे काम, असे म्हणू नका. १९७८ मध्ये बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स या संगणक-प्रणालीसाठी लिस्पमध्ये ईमॅक्स लिहिला. त्यांच्या कार्यालयातल्या टंकलेखनाचे काम करणाऱ्या सेक्रेटरीही नव्या आज्ञा बनवू लागल्या, असे स्टॉलमन यांनी सांगितले आहे. त्यांच्या हाती एक माहितीपुस्तिका होती. हे ‘प्रोग्रॅमिंग’ आहे, असे तिच्यात कुठेच म्हटले नव्हते, म्हणून त्या बिचकल्या नाहीत! मला ही हकीकत फार मोलाची वाटते.

ईमॅक्स विनामूल्य मिळतो. तो उघडल्यावर ‘स्क्रॅच’ नावाच्या कोऱ्या पानावर वरची बेरीज लिहा, कंसानंतर कंट्रोल आणि जे एकत्र दाबा. खाली ५ उमटेल. काही भलतेच सुरू झाले, तर कंट्रोल आणि जी.