आधी थांबणे, मग चालणे



हिवाळ्याच्या सहलीनंतर शाळेत मुलांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, "सर, तुमची ती जुनी गाडी खरंच जंगलात गेली?" होय, गेली आणि सुखरूप परतही आली. ती कशी दुरुस्त झाली हे लिहावे, असा काही पालकांचा आग्रह झाला. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातले आणि मिस्त्रीकाकांची भाषा गुजराती, तेव्हा मराठीत काही कमी-जास्त झाल्यास सांभाळून घ्यावे.

ही गाडी म्हणजे टाटा मोबाइल २०६ ही पिकअप. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, ती १९८८ मध्ये बाजारात आणली. पुढे १९९१ ची सिएरा याच गाडीच्या आधारे तयार झाली. आमच्या बाबांनी १९९१ मध्ये पिकअप घेतली. आठवडाभर तिच्यातून दुकानाचा माल जायचा आणि सुट्टीत ताडपत्री, स्टोव्ह, पातेली घेऊन आम्ही पावागड किंवा जांबुघोड्याकडे निघायचो.

बाबा २०१३ मध्ये गेले आणि गाडी अंगणात लिंबाखाली उभी राहिली. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा पाणी गाडीच्या सीटपर्यंत चढले. पूर ओसरल्यावर भंगारवाल्याशी भावही ठरला होता. गाडी रिकामी करताना डॅशबोर्डच्या कप्प्यात बाबांची वही सापडली. तिथवर पाणी पोचले नव्हते. प्रत्येक ऑइल बदल, प्रत्येक टायर, तारीख आणि किलोमीटरसह लिहिलेला. शेवटची ओळ होती, "मागचे ब्रेक पाहणे." भंगारवाल्याला आम्ही परत पाठवले.

आता आमची चूक. ती ओळ वाचूनही आम्ही आधी इंजिनाच्या मागे लागलो. बंद गाडी म्हटली की इंजिन सुरू झाले म्हणजे जिंकलो, असे वाटते. काही आठवड्यांनी ते सुरू झाले, सोसायटीत टाळ्या पडल्या. त्या उत्साहात आम्ही स्वतः चाकावर बसलो आणि गाडी फाटकाकडे घेतली. तिथे थोडा उतार आहे. ब्रेक दाबला तो थेट तळाला गेला. हँडब्रेक ओढला, त्याची गंजलेली केबल तुटली. गाडी भिंतीला जाऊन थांबली. मध्ये एक लहान सायकल उभी होती, ती चेपली. तिचा मालक आपल्याच शाळेतला चौथीचा मुलगा, दोन मिनिटांपूर्वीच पाणी प्यायला घरात गेला होता. सायकल आम्ही नवी आणून दिली. पण त्या रात्री आम्हाला झोप आली नाही.

म्हणून खालील क्रम आम्ही नंतर शिकलो त्याप्रमाणे देत आहोत.

पहिले काम ब्रेकचे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ जातीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पुरेसा ओलावा शिरला की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. घाटाच्या उतारावर ब्रेक तापतात. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. उभ्या गाडीत याच ओलाव्याने सिलिंडर आतून गंजतात आणि रबरे कडक होतात. आम्ही सर्व रबरी नळ्या, चाकांकडचे सिलिंडर, लायनर आणि हँडब्रेकची केबल बदलली. नववीच्या मुलांना उघडलेला ब्रेक ड्रम दाखवला, तेव्हा द्रवाचा दाब हा धडा वेगळा शिकवावा लागला नाही.

दुसरे काम पुराच्या पाण्याचे. पाण्यात बुडालेली गाडी चावी फिरवून कधीही सुरू करू नये. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. आत पाणी असताना स्टार्टर फिरला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. ग्लो प्लग काढून इंजिन आधी हाताने फिरवावे, म्हणजे पाणी बाहेर पडते. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे. इंजिनबरोबर गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलचे ऑइलही बदलावे. या दोन्हींना लोक विसरतात. चाकांची बेअरिंगे धुऊन नवे ग्रीस भरावे.

तिसरे काम डिझेलचे. वर्षानुवर्षे पडलेल्या डिझेलच्या तळाशी पाणी साचते आणि चिकट गाळ धरतो. टाकी उतरवून धुतली आणि फिल्टर नवे घातले.

चौथे टायर. आमच्या टायरांची नक्षी चांगली होती, म्हणून तेच ठेवावेत असे आम्हाला वाटले. मिस्त्रीकाकांनी कडेवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात. २३११ म्हणजे २०११ चा तेविसावा आठवडा. वापर नसला तरी रबर म्हातारे होतेच. पाचही टायर बदलले.

पाचवे काम कागदांचे, आणि ते पूर्ण होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते आणि पुढे तपासणी करून ५-५ वर्षांसाठी वाढते. त्यासाठी नमुना २५ लागतो. गाडी दिवंगत मालकाच्या नावावर असेल तर वारसाने नमुना ३१ भरावा. मालवाहू म्हणून नोंद असेल तर नियम वेगळे आहेत, म्हणून आधी आर.सी. बुक नीट वाचावे. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या गाड्यांच्या नूतनीकरणाचे शुल्क बरेच वाढले आहे. विमा आणि पी.यू.सी. हेही हवेतच. एकूण खर्च गाडीच्या बाजारभावाहून जास्त झाला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आता जंगलाची वाट. आमच्या पिकअपला फक्त मागच्या चाकांची ओढ आहे, ती चारही चाकांनी ओढणारी जीप नव्हे. मागे सामान नसले की मागची चाके हलकी होऊन मातीत फिरत राहतात. म्हणून पाण्याचे कॅन आणि तंबू मागच्या आसाजवळ ठेवून घट्ट बांधले. भुसभुशीत मातीत टायरची हवा थोडी कमी करावी आणि डांबरी रस्त्याला लागताच पुन्हा भरावी. फावडे, जाड दोर आणि जॅकखाली ठेवायला एक फळी बरोबर असावी. वाहत्या ओढ्याची खोली पायी जाऊन समजत नसेल तर गाडी घालू नये. उतारावर लहान गिअर ठेवावा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत.

मागच्या हौद्यात कोणीही बसायचे नाही. आमच्या लहानपणी सगळे ट्रकच्या हौद्यात बसत, हे खरे. पण खड्ड्यात उडालेल्या मुलाला धरायला तिथे काहीच नसते. म्हणून पिकअपमध्ये आम्ही, पुतण्या आणि सामान. बाकी घरचे एस.टी.ने आले.

जांबुघोडा वडोद्याहून सुमारे ७० किलोमीटर. हे १३०.३८ चौरस किलोमीटरचे अभयारण्य १९९० मध्ये जाहीर झाले. वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही, वन विभागाची परवानगी लागते. ती घेऊन, ठरवून दिलेल्या जागीच उतरलो. याच मुलखात, छोटाउदेपूरला, १ डिसेंबर १८५८ रोजी तात्या टोपे यांच्या सैन्याचा पराभव झाला आणि त्यांची वडोद्याकडची वाट बंद झाली. रात्री मुलांना ही हकीकत सांगितली. मग पुतण्याने विचारले, "काका, आपली गाडी बुडवणारी नदी येते कुठून?" पावागडच्या डोंगरातून. येताना त्याच डोंगराजवळून आलो होतो.

सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० मध्ये, वडोद्यात कलाभवन सुरू झाले, कारण हाताचे काम हेही शिक्षण आहे असे त्यांचे मत होते. आपल्याही अंगणात अशी एखादी गाडी उभी असेल तर मुलांना ती उघडताना जरूर बघू द्यावे. फक्त क्रम चुकवू नये, आणि उभ्या गाडीच्या चाकाला दगड लावायला विसरू नये.

परत आल्यावर बाबांच्या वहीत, त्यांच्या शेवटच्या ओळीखाली, आम्ही तारीख घालून लिहिले : "मागचे ब्रेक पाहिले."

असो. आपला अनुभव शाळेत अवश्य कळवावा.