सराटा फोडणारी चोच

माळावरून अनवाणी चाललेल्या माणसाला सराट्याची ओळख करून द्यावी लागत नाही. जमिनीलगत पसरलेला वेल, पिवळी फुलं आणि तळपायात रुतणारं काटेरी फळ. या सराट्याचा एक सख्खा भाऊबंद प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांवर उगवतो आणि तिथल्या फिंच पक्ष्यांच्या चोचीची परीक्षा घेतो.

दाणे फोडणाऱ्या पक्ष्याची चोच किती लांब यापेक्षा ती मुळाशी उभी किती जाड, हे महत्त्वाचं. जाड चोचीला दाबणारे जबड्याचे स्नायूही दणकट असतात आणि जोर लावताना ती तडकत नाही. कठीण दाणा पक्षी टोकाशी धरत नाही. अडकित्त्यात सुपारी सांध्याजवळ सरकवावी तसा तो चोचीच्या मुळाशी घेतो. जोर तिथेच सर्वाधिक लागतो.

गॅलापागोसमधल्या डाफ्ने मेजर या चिमुकल्या ज्वालामुखी बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ दांपत्यानं १९७३ पासून हे पक्षी पकडून, चोची मोजून, पायात कडी घालून सोडायला सुरुवात केली. १९७७ मध्ये पाऊस जवळजवळ पडलाच नाही. मऊ, बारीक बिया आधी संपल्या; उरली ती सराट्याची फळं. बेटावरच्या मध्यम फिंच या जातीतला जाड चोचीचा पक्षी ती फोडू शके, बारीक चोचीवाल्याला ती फुटत नसत. या जातीचे सुमारे ८५ टक्के पक्षी नाहीसे झाले. माद्या अंगानं लहान, त्यामुळे त्या जास्त मेल्या. पुढच्या वर्षी पाऊस आला, वाचलेल्यांची वीण झाली आणि पिल्लांच्या चोचीही आधीच्या पिढीपेक्षा सरासरीनं जाड निघाल्या.

नैसर्गिक निवड इतकी संथ असते की ती घडताना दिसणार नाही, असं डार्विनला वाटत होतं. इथे ती एका दुष्काळात मोजपट्टीवर आली. जीवशास्त्रातलं याहून सुंदर क्षेत्रकार्य मला माहीत नाही.

पण जाड चोच म्हणजे कायमची सरशी नव्हे. १९८३ च्या एल निन्योत बेटावर धो धो पाऊस झाला, बारीक बियांचं पीक आलं आणि नंतरच्या कोरड्या काळात लहान चोचीचे पक्षी तगले.

२००३-०४ चा दुष्काळ तर आणखी बोलका आहे. तोवर मोठ्या चोचीची दुसरी फिंच जात बेटावर स्थिरावली होती. सराटा फोडण्यात ती सरस. तिनं ती फळं फस्त केली. मध्यम फिंचमधले जाड चोचीचे पक्षी तिच्याशी स्पर्धेत उपाशी मेले, बारीक बियांवर भागवणारे वाचले. टंचाई तीच, निकाल उलटा. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या लेइफ अँडरसन यांच्या गटानं ग्रँट दांपत्यासह २०१६ मध्ये दाखवलं, की या निवडीत एचएमजीए२ या जनुकाचा मोठा वाटा होता: लहान चोचीशी निगडित असलेलं त्याचं रूप ज्यांच्यात होतं, ते पक्षी जास्त प्रमाणात जगले. माणसाच्या उंचीशीही याच जनुकाचा संबंध आढळला आहे.