काशी पाहिली, पण दुसऱ्या खेपेला

तुमच्या देवघरात गंगेचा गडू आहे ना? तांब्याचा, तोंड झाळून बंद केलेला? आमच्याकडेही आहे. १९८६ साली काशीहून येताना मी तो मांडीवर धरून आणला. पण त्या खेपेला काशी कशी वाटली असं कुणी विचारलं, तर मला धर्मशाळेतला फरफरणारा स्टोव्हच आठवतो!

सासू-सासरे, दोन चुलत सासवा, पाच वर्षांचा मुलगा आणि मी. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी, मग सोवळ्याचा स्वयंपाक, दुपारी ओली लुगडी वाळत घालायची, आणि रात्री मुलाचा ताप. घाटावर गेले ती सामान राखायला. दोष कुणाचाच नाही. यात्रेला सून नेतात ती हाताशी कुणी हवं म्हणून, हे तुम्हाला मी नव्याने काय सांगू?

काशीला गेलं की आवडीची एक वस्तू सोडायची, ही आपल्याकडची रीत. सासूबाईंनी सीताफळ सोडलं. पुढे वीस वर्षं दर मोसमात नातवंडांना बिया काढून गर भरवायच्या, पण स्वतः बोटसुद्धा चाटत नसत.

२०२२च्या नोव्हेंबरात, पहिल्याच आठवड्यात, मी आणि धाकटी जाऊ पुन्हा गेलो. "दोघीच?" असं निदान सहा जणांनी विचारलं. हो, दोघीच. दर्शन करायचंच होतं, पण या वेळी गावही डोळे भरून बघायचं होतं. एक बरीक खरं, काळ आम्ही चांगला निवडला. पावसाळ्यात पाणी चढून घाट बुडतात आणि नावा बंद ठेवतात. ऐन थंडीत धुक्याने गाड्या तासन्‌तास रखडतात. मात्र पाणी ओसरल्यावर पायऱ्यांवर गाळ असतो. चपला घसरणाऱ्या नकोत, आणि साडी जरा वरच नेसा.

तिथे गेलात की पहिल्यांदा पहाटेची नाव करा. गंगा इथे उत्तरेकडे वाहते. सगळं गाव पश्चिमेच्या काठावर, आणि पलीकडे नुसती वाळू. त्यामुळे सूर्य थेट समोर उगवतो आणि घाटांचे सगळे दगड एकदम उजळतात. भाडं ठरवताना ते नावेचं की माणशी, हे चढण्याआधी विचारून घ्या. आम्ही विचारलं नव्हतं. उतरताना जो वाद झाला तो न सांगितलेलाच बरा.

अस्सी घाटाहून निघालं की चौऱ्याऐंशी घाटांची ओळ सुरू होते. लगतच्या भदैनीत झाशीच्या राणीचं जन्मस्थान आहे. पहिल्या खेपेला मी तिथून जवळूनच गेले असेन, पण कुणी सांगितलंच नाही! पुढे अहिल्याबाई घाट, मग पेशव्यांनी बांधून काढलेला दशाश्वमेध, शिंदे घाट, भोसले घाट. परगावी माहेरची माणसं भेटावी तसं होतं. एकनाथांनी भागवतावरची आपली टीका १५७३ साली याच काशीत पुरी केली. विश्वनाथाचं आजचं देऊळ अहिल्याबाईंनी १७८०च्या सुमारास उभं केलं. कळसाचं सोनं पुढे महाराजा रणजितसिंहांचं. देवळापासून गंगेपर्यंतचा प्रशस्त मार्ग २०२१ साली खुला झाला. त्यात अहिल्याबाईंचा पुतळा आहे, तो चुकवू नका.

मणिकर्णिका घाटाशी नाव आली तेव्हा चिता जळत होत्या. मी मान फिरवली. जाऊ मात्र नावाड्याला म्हणाली, "भैया, जरा रुको." आमचे दीर जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. बायकांनी स्मशानात जायचं नाही म्हणून तिला दाराशीच थांबवलं होतं. ती बराच वेळ बघत राहिली. रडली नाही. मग म्हणाली, "ताई, एवढंच असतं होय?" मी काही बोलले नाही. काय बोलणार? (तिथे फोटो काढू नका. लोक काढतात, ते बघवत नाही.)

कार्तिक महिना होता, म्हणून संध्याकाळी पंचगंगा घाटावर आकाशदिवे पाहिले. उंच बांबूच्या टोकाला टोपलीत दिवा ठेवतात, गेलेल्यांना वाट दिसावी म्हणून. दशाश्वमेधची आरती झगझगीत खरी, पण माझं मन या दिव्यांवरच राहिलं.

आता साडी! तुम्ही घेणार, मीही घेतली आणि फसले. रिक्षावाल्याने नेलेल्या दुकानात हातमागाची म्हणून यंत्रमागाची गळ्यात पडली. घरी आल्यावर एका जाणकार बाईंनी सांगितलं ते तुम्ही आधीच ऐका. साडी उलटी करून बघा. कढुवा विणीत प्रत्येक बुट्टी वेगळी विणतात, म्हणून मागे लोंबते धागे नसतात. फेकवा विणीत धागा आरपार जातो आणि मागून कापतात. ती स्वस्त असते, वाईट नव्हे, पण कढुव्याचे पैसे तिला देऊ नका. हातमागावर काठाला बारीक टाचण्यांच्या खुणाही दिसतात.

निघायच्या दिवशी घाटावरच्या गुरुजींनी विचारलंच, "काय सोडणार?" जाऊ शांतपणे म्हणाली, "गुरुजी, सुटायचं ते सुटलंय. आता आणखी काही नको." गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं आणि दक्षिणा न मोजता बाजूला ठेवली. मला त्यांनी विचारलंच नाही.

घरी येऊन रीतीप्रमाणे मावंदं घातलं. सासूबाईंच्या फोटोला हार घातला, आणि गोडाला सीताफळाची बासुंदी केली. जाऊने दोनदा मागून घेतली.