हमीभाव सातबाऱ्याला, घाम बटईदाराचा!

वाशिम जिल्ह्यातील सोयाबीनचा बाजार ना पुरता सरकारी, ना पुरता खुला. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने क्विंटलला ४८९२ रुपये हमीभाव जाहीर केला. व्यापाऱ्यांनी मात्र त्याहून कमी दराने माल घेतला. सरकारी खरेदी केंद्रावर नोंदणी करायची तर सातबारा हवा, त्यावर पीकपेरा हवा. मग ठोक्या-बटईने शेत करणाऱ्या भूमिहीन बौद्धाने जावे कुठे? या संमिश्र भांडवलशाहीत संरक्षण मालकीला आणि जोखीम श्रमाला! बाबासाहेबांनी १९४७ मध्येच ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जातिभेद न पाळता गावकऱ्यांना कसायला द्यावी, कोणी जमीनदार, कूळ वा भूमिहीन उरू नये, अशी मागणी केली. ती दूरच राहिली. निदान बटईदाराची नोंद करून हमीभाव पिकवणाऱ्याच्या हाती द्या!