संघ आणि चित्रकार

जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात केळणा नदीच्या काठी भोकरदन हे तालुक्याचे गाव आहे. त्याचे प्राचीन नाव भोगवर्धन. दोन हजार वर्षांपूर्वी उज्जयिनीहून प्रतिष्ठानकडे, म्हणजे आजच्या पैठणकडे, जाणाऱ्या व्यापारी मार्गावर हे नगर भरभराटीस आले होते. 1973 साली येथे उत्खनन झाले, तेव्हा हस्तिदंतात कोरलेली एक लहानशी स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी जवळचे साम्य असलेली मूर्ती दूर इटलीत, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात 1938 साली मिळाली होती. भोगवर्धनची माणसे केवळ व्यापारातच पुढे होती असे मात्र नाही. मध्य प्रदेशातील सांची येथे जो विख्यात स्तूप आहे, त्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, आणि त्यांत भोगवर्धनच्या रहिवाशांचीही नावे आहेत. एवढा मोठा स्तूप एका राजाच्या तिजोरीतून उभा राहिला नाही. कोणी एक शिळा दिली, कोणी कठड्याचा एक दांडा दिला, आणि अशा शेकडो हातांनी ते काम पुरे झाले.

दान देण्याची हीच रीत भोगवर्धनच्या उत्तरेस, एका-दोन दिवसांच्या पायी वाटेवर असलेल्या एका दरीतही पाहावयास मिळते. ती दरी म्हणजे अजिंठा. वाघूर नदी येथे घोड्याच्या नालासारखे वळण घेते, आणि त्या वळणावरील उभ्या कड्यात सुमारे तीस लेणी खोदलेली आहेत. या लेण्यांतील भित्तिचित्रांची कीर्ती आज सर्व जगात पसरली आहे. परंतु ही चित्रे काढली कोणी, असा प्रश्न केला तर 'चित्रकारांनी' एवढेच उत्तर पुरे पडत नाही. या कामात तिघांचा वाटा होता. धन देणारा उपासक, ज्याच्यासाठी आणि ज्याच्या सांगण्यावरून हे काम चालले तो भिक्षूंचा संघ, आणि हाती कुंचला धरणारा कारागीर.

बौद्ध भिक्षू वर्षातील बहुतेक काळ गावोगाव फिरत. पावसाळ्यात मात्र त्यांनी एके ठिकाणी राहावे असा नियम होता. त्यास वर्षावास म्हणत. अशा मुक्कामासाठी विहार खोदले गेले, व पूजेसाठी चैत्यगृहे. अजिंठ्याचे दहाव्या क्रमांकाचे लेणे हे असेच एक चैत्यगृह असून ते इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील आहे. त्याच्या दर्शनी भागावर वासिष्ठीपुत्र कटहादी याने हे मुख दान दिल्याचे कोरलेले आहे. आतील एक भिंत कण्हक नावाच्या माणसाची देणगी आहे. एकाने तोंड दिले, दुसऱ्याने भिंत दिली. लेणे मात्र सर्वांचे झाले.

भिंतीवर काय काढावयाचे, हे कोण ठरवी? या बाबतीत संघाची परंपरा पुष्कळ तपशिलाने सांगते. भिक्षूंच्या नियमांचा जो ग्रंथ मूलसर्वास्तिवाद या शाखेत प्रचलित होता, त्यात एक कथा आहे. अनाथपिंडद या श्रेष्ठीने जेतवनाचा विहार संघास अर्पण केला. पुढे त्याच्या मनात आले की, विहाराच्या भिंती अशा कोऱ्या का असाव्यात? त्याने बुद्धाची अनुज्ञा मागितली. ती मिळाली, आणि कोठे काय रंगवावे हेही सांगण्यात आले. दारावर काठी धरलेला यक्ष असावा, देवडीत संसारचक्र असावे, पडवीत जातककथा असाव्यात. भोजनशाळेत अन्न घेऊन उभे असलेले यक्ष, आणि रुग्णांच्या खोलीत स्वतः बुद्ध एका आजाऱ्याची सेवा करीत असल्याचे चित्र. आजारी भिक्षूने अंथरुणावर पडल्या पडल्या हे चित्र पाहावे, यामागील कनवाळू विचार ध्यानात घेण्यासारखा आहे. चित्र हे तेथे शोभेसाठी नव्हते. ज्या खोलीत जो माणूस येणार, त्याच्याशी ते बोलणार होते.

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या पडवीत डाव्या टोकाच्या भिंतीवर असे एक चक्र आजही आहे. त्याचा पुष्कळ भाग गळून गेला आहे. एका जन्मातून दुसऱ्या जन्मात फिरणाऱ्या प्राणिमात्रांचे ते चित्र होय. 'दिव्यावदान' या ग्रंथात अशा चक्राविषयी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. चक्र रंगवून झाले, पण येणारे-जाणारे लोक त्याकडे पाहून हे काय आहे म्हणून विचारू लागले. तेव्हा चित्राचा अर्थ सांगण्यासाठी एका भिक्षूने दारापाशी उभे राहावे, असे ठरविण्यात आले. याचा अर्थ असा की, चित्रकाराचे काम संपले तेथे संघाचे काम सुरू होई.

अजिंठ्याची चित्रे पाहताना या सांगणाऱ्या भिक्षूची उणीव पदोपदी जाणवते. आपणांस चित्रकथा वाचण्याची सवय असते ती एकापुढे एक चौकटी लावलेल्या. अजिंठ्यात बहुधा तसे नाही. राजवाड्यात घडलेले सर्व प्रसंग एकीकडे, अरण्यात घडलेले दुसरीकडे, अशी मांडणी अनेक चित्रांत आहे. म्हणजे प्रसंगांचा क्रम काळाप्रमाणे नसून स्थळाप्रमाणे आहे. तोच राजपुत्र एका भिंतीवर चार ठिकाणी दिसतो आणि नवख्यास चार निरनिराळी माणसे वाटतात. दिवा घेऊन भिंतीशी उभा राहणारा आणि 'आता इकडे पाहा' म्हणणारा कोणी असल्यावाचून ही कथा उलगडत नाही. काही ठिकाणी चित्राजवळ अक्षरेही लिहिलेली होती. दुसऱ्या लेण्यात क्षांतिवादी नावाच्या तपस्व्याच्या चित्रापाशी आर्यशूर कवीच्या 'जातकमाला' या संस्कृत ग्रंथातील श्लोक रंगाने लिहिलेले आढळले आहेत. हा ग्रंथ जाणणारा कोणी विद्वान भिक्षू चित्रकाराच्या शेजारी असला पाहिजे, असे त्यावरून अनुमान करता येते.

आता चित्रकाराचे काम. छिन्नीने खोदलेला खडक तो मुद्दाम खडबडीतच ठेवी, म्हणजे गिलावा धरून राहतो. माती, दगडाची भुकटी, भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू एकत्र मळून त्याचा थर भिंतीवर देत. त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवीत. पृष्ठभाग वाळला की तांबड्या रेषेने आकृती रेखाटून मग रंग भरीत; रंग धरून राहावेत म्हणून त्यांत डिंकासारखा चिकट पदार्थ मिसळीत. युरोपात ओल्या गिलाव्यावर चित्रे काढण्याची जी पद्धत होती, तिच्याहून ही वेगळी. तांबडा व पिवळा रंग गेरू आणि पिवडी यांचा, हिरवा एका प्रकारच्या हिरव्या मातीचा, काळा काजळीचा, पांढरा चुन्याचा किंवा पांढऱ्या मातीचा. हे सारे जवळपास मिळण्याजोगे होते. निळ्या रंगाची गोष्ट मात्र निराळी. तो राजावर्त नावाच्या रत्नाची पूड करून बनवीत, आणि ते रत्न अफगाणिस्तानच्या उत्तरेकडील बदख्शान प्रांतातील खाणींतून येई. सह्याद्रीच्या रांगेतील एका अंधाऱ्या गुहेत हा रंग पोहोचण्यास किती तांडे आणि किती माणसे खपली असतील, याची कल्पनाच करावी.

एवढा खर्च सोसणारे दाते इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात लाभले. त्या वेळी येथे वाकाटक राजा हरिषेण याचा अंमल होता. त्याचा मंत्री वराहदेव याने सोळावे लेणे संघास दिले. शेजारचे सतरावे लेणे त्याच्या एका मांडलिक राजाने खोदविले. या मांडलिकाच्या शिलालेखात एक दुःखाची हकीकत आहे. त्याचा धाकटा भाऊ रविसांब अकाली मरण पावला. त्या शोकाने राजाचे मन संसाराच्या अनित्यतेकडे वळले आणि त्याने आपले धन या कामी लावले. विश्वंतर राजपुत्राचे दान, आंधळ्या मातेची सेवा करणारा हत्ती, शिबी राजाचा त्याग, अशा कथांनी या लेण्याच्या भिंती भरून गेल्या आहेत. भाऊ गमावलेल्या माणसाने त्या पाहिल्या असतील, तेव्हा त्यास काय वाटले असेल?

सव्विसाव्या लेण्याची हकीकत तर या विषयास फारच उपयोगी आहे. हे लेणे शिल्पांसाठी प्रसिद्ध असले तरी त्याच्या लेखात काम कसे चाले हे स्पष्ट दिसते. येथे दाता राजा किंवा मंत्री नसून बुद्धभद्र नावाचा भिक्षूच आहे. अश्मक देशाचा मंत्री भव्विराज हा त्याचा जिवलग मित्र होता; त्याच्या आणि स्वतःच्या आईबापांच्या स्मरणार्थ त्याने हे लेणे करविले. कामावर देखरेख करण्यासाठी धर्मदत्त हा भिक्षू आणि भद्रबंधू हा शिष्य यांची योजना केली होती, असे लेखात नावानिशी सांगितले आहे. कारागिरांच्या शेजारी उभे राहून काम पाहणारे हे दोघे संघातीलच होते.

संघ कथा जतन करी आणि चित्रकार बदलत, याचेही एक उत्तम उदाहरण अजिंठ्यात आहे. सहा सुळांच्या हत्तीची कथा दहाव्या लेण्यात इसवी सनापूर्वी रंगविली गेली, आणि पाच-सहा शतकांनंतर सतराव्या लेण्यात ती पुन्हा आली. पूर्वजन्मीच्या मत्सराने राणी व्याधास हत्तीचे सुळे आणावयास पाठविते. हत्ती त्यास मारीत नाही. उलट सुळे कापण्यास स्वतःच साहाय्य करतो. सुळे समोर आलेले पाहताच राणी कोसळते. दहाव्या लेण्यात ती मूर्च्छित राणी अजून ओळखू येते. रेषा निराळी, वेश निराळे, हत्ती तोच.

पुढे हरिषेण मरण पावला आणि थोड्याच काळात वाकाटकांचे राज्य मोडले. मोठे दाते नाहीसे झाले. चोविसावे लेणे अपुरेच राहिले. तेथे खांबांचे अर्धवट घडलेले आकार तसेच उभे आहेत. तरीही रंगविण्याचे काम एकदम थांबले नाही. अनेक अभ्यासकांच्या मते याच सुमारास, जेथे मोकळी जागा सापडेल तेथे, लहान लहान बुद्धमूर्ती रंगविण्यात आल्या. त्या कोणत्याही मोठ्या योजनेत बसत नाहीत. नवव्या आणि दहाव्या लेण्यांचे खांब अशा चित्रांनी भरले आहेत. कित्येकांखाली एक ओळ आहे: हे अमुक भिक्षूचे धर्मदान, यातील पुण्याने सर्व प्राणिमात्रांस ज्ञान लाभो, अशा आशयाची. राजे गेल्यावर भिक्षूंनी आपल्या तुटपुंज्या शक्तीने एकेक चित्र काढवून घेतले. दात्याचे नाव खाली लिहिले. काढणाऱ्याचे नाव लिहिण्याची चाल नव्हती.

त्यानंतर ही दरी शतकानुशतके झाडीत झाकली गेली. 28 एप्रिल 1819 रोजी वाघाच्या शिकारीस आलेला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी दहाव्या लेण्यात शिरला. आत मातीचा आणि दगडांचा ढीग साचला होता. त्यावर उभे राहून त्याने एका खांबावरील रंगीत आकृतीवर आपले नाव व तारीख खरवडली. तो ढीग नंतर काढून टाकण्यात आला. त्यामुळे ती अक्षरे आता माणसाच्या डोळ्यांच्या बरीच वर दिसतात, आणि त्यांच्याखालून रंगांचे डाग अजून डोकावतात.