भरलेल्या कॅसेटी, पुसलेले आवाज

फिलिप्सने कॅसेट जगापुढे आणली 1963 साली. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीसारख्या गावांत ती रुळायला पुढची वीसेक वर्षं लागली. टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी 1980 च्या दशकात कॅसेट स्वस्त केली, आणि रेडिओ-टेप एकत्र असलेला टू-इन-वन खेड्यातही दिसू लागला. ग्रामोफोन फक्त ऐकवायचा. टेपवर मात्र आपल्यालाही काही भरता येत होतं.

मग भरायचा सोस सुरू झाला. आकाशवाणीवर आवडीचं गाणं लागलं की लाल बटण आणि ‘प्ले’ एकदम दाबायचं. निवेदकाचं बोलणं संपेपर्यंत थांबावं तर मुखडा निसटायचा. नाहीतर परभणीत यादी देऊन कॅसेट भरून आणायची. साठची घेतली तर एका बाजूला तीस मिनिटं, नव्वदची घेतली तर पंचेचाळीस. एकशेवीसची फीत फार पातळ, गुंतायची. जाणते तिच्या वाटेला जात नसत. वीज गेली की सेल. सेल उतरले असताना भरलेलं कीर्तन नंतर विजेवर लावलं, की बुवा चिरक्या आवाजात धावत सुटायचे.

सप्ताहातली कीर्तनं, लग्नातली मंगलाष्टकं, म्हाताऱ्यांच्या जात्यावरच्या ओव्या, असं बरंच काही या यंत्रांनी टिपलं. पण त्यातलं फार थोडं उरलं. रेकॉर्डिंग चालू असताना फीत आधी पुसणाऱ्या हेडवरून जाते, मग भरणाऱ्या. म्हणजे भरणं आणि पुसणं एकाच बटणात. कॅसेटच्या पाठीचे दोन कान मोडले की ती सुरक्षित. पण भोकांवर चिकटपट्टी लावली की पुन्हा भरायला मोकळी. कोरी कॅसेट विकत घ्यायची, तर जुनी होतीच की! आजीच्या ओव्यांवर सिनेमाची गाणी चढली ती अशी.

याच जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगुबाई अंबोरे यांच्या ओव्या मात्र आजही ऐकता येतात. जात्यावरच्या ओव्यांच्या संकलन प्रकल्पात 1990 च्या दशकात त्या ध्वनिमुद्रित झाल्या आणि कुणीतरी ठरवून जपल्या, म्हणून. घराघरांतल्या कॅसेटींना असा राखणदार नव्हता.

माळ्यावर अजून खोकं असेल, तर टेपचं हेड स्पिरिटनं पुसून घ्या, फीत एकदा पुढेमागे फिरवा आणि संगणकावर उतरवून ठेवा. सिनेमाच्या गाण्यांची घाई नाही, ती फोनवर कधीही मिळतील. ज्या कॅसेटवर घरातल्या माणसाचं नाव पेनानं लिहिलंय, ती आधी.